दत्तगुरूंचा प्रश्न आणि आपलं ध्यान

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

सद्भक्त मंडळी, मार्गशीर्ष लागला की आपल्याकडे गुरुचरित्राच्या सप्ताहाची तयारी सुरू होते. पहाटेची थंडी, स्नान, सोवळं, एकभुक्त आणि सात दिवसांची पोथी. नियम आपण मोठ्या निष्ठेनं पाळतो. पण जन्मोत्सव झाला, पाळणा झाला, प्रसाद झाला, मांडव उतरला, की आठव्या दिवशी काय? मी गेली काही वर्षं पोथीनंतर देवळात चार शब्द बोलतो. त्या वेळी वडीलधारी मंडळी हाच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारतात. एक आजी म्हणाल्या, "पोथी ऐकते तवर मन निवतं हो. घरी गेलं की पुन्हा तेच. झोप नाही, गुडघे दुखतात, पोरं पुण्याला. काय करावं?"

त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितो. रोज थोडा वेळ ध्यानाला बसावं. मात्र ध्यान कशासाठी, त्यातून काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे समजून बसावं. नाहीतर चार दिवस बसायचं आणि पाचव्या दिवशी "काही दिसत नाही बुवा" म्हणून उठायचं, असं होतं.

ध्यान म्हटलं की आपल्याला हिमालयातली गुहा आठवते. पण दत्तसंप्रदायात ध्यानाचा उपदेश मिळाला तो एका प्रपंची माणसाला. ही कथा मार्कंडेय पुराणात आहे. मदालसा नावाची राणी होती. तिनं पहिल्या तीन मुलांना पाळण्यातच आत्मज्ञान शिकवलं आणि ते तिघेही विरक्त झाले. चौथा अलर्क. वंश आणि राज्य चालावं म्हणून पतीच्या विनंतीवरून तिनं त्याला राजधर्म शिकवला. वनात जाताना तिनं त्याला एक अंगठी दिली आणि सांगितलं, असह्य दुःख आलं तर ही उघड, आत लिहिलेलं वाच.

अलर्क राज्य करता करता त्यातच गुरफटला. त्याचा थोरला भाऊ सुबाहू वनात होता. धाकटा भाऊ असाच बुडून जाईल, हे पाहून त्यानं काशीराजाची मदत घेतली आणि अलर्काच्या राजधानीला वेढा घातला. खजिना आटला, माणसं फुटली. तेव्हा अलर्काला आईची अंगठी आठवली. आतल्या लेखाचा आशय असा, की आसक्ती सोडावी, आणि ती सुटत नसेल तर सत्पुरुषाची संगत धरावी. अलर्क थेट दत्तात्रेयांकडे आला. पायांवर पडून म्हणाला, महाराज, माझं दुःख दूर करा.

आता पाहा, दत्तगुरूंनी काय केलं. त्यांनी अंगारा दिला नाही, सैन्य दिलं नाही. ते म्हणाले, तुझं दुःख मी आजच घालवतो, पण आधी मला खरं सांग, हे दुःख तुला कशाचं आहे?

अलर्क विचार करू लागला. दुःख राज्याचं? राज्य तर मी नव्हे. दुःख शरीराचं? शरीर पंचभूतांचं, तेही मी नव्हे. मनाचं? मन सुखी होतं तेही मी पाहतो, दुःखी होतं तेही मी पाहतो. मग पाहणारा मी कुठला? असं एकेक दार उघडत तो आत गेला, आणि त्याला हसू आलं. वेढा अजून उठलेला नव्हता, खजिना अजून रिकामाच होता. पण दुःखाची जागा त्याला कळली. त्यानंतरच दत्तगुरूंनी त्याला योग आणि ध्यान शिकवलं.

मंडळी, ध्यान म्हणजे दत्तगुरूंच्या या प्रश्नापाशी रोज येऊन बसणं. बाहेरचा वेढा उठेल की नाही, ते प्रारब्धावर. आत पाहणारा कोण, ते ओळखणं आपल्या हाती आहे.

आता कुणी म्हणेल, अलर्क राजा होता, त्याला प्रत्यक्ष दत्तगुरू भेटले. आमचं मन तर माकडासारखं. त्याची सोयही दत्तगुरूंनीच करून ठेवली आहे. अवधूताचे चोवीस गुरू आपल्याला माहीत आहेत. भागवताच्या अकराव्या स्कंधात ही कथा येते आणि नाथमहाराजांनी तिच्यावर भरभरून लिहिलं आहे. त्या चोविसांतले दोन तर खास ध्यान शिकवणारे आहेत.

पहिला बाण करणारा कारागीर. तो बाणाला धार लावत बसला होता. समोरच्या रस्त्यानं राजाची स्वारी वाजतगाजत गेली. नंतर कुणी विचारलं तर त्याला पत्ताच नव्हता. त्यानं कान बंद केले नव्हते. मन बाणाच्या टोकाशी होतं, म्हणून बाकीचं आपोआप बाहेर राहिलं. ध्यानात विचार हाकलायचे नसतात. मनाला एक जागा द्यायची असते.

दुसरी गुरू एक कुमारिका. घरी पाहुणे आलेले, आईवडील बाहेर गेलेले. ती साळी कांडायला बसली तर हातातल्या बांगड्या वाजू लागल्या. घरात कांडलेले तांदूळही नाहीत, हे पाहुण्यांना कळेल याची तिला लाज वाटली. म्हणून तिनं एकेक बांगडी उतरवली. दोन राहिल्या तरी वाजत होत्या. एकच राहिली तेव्हा आवाज थांबला. आपल्या मनात किती बांगड्या वाजतात ते पाहा. मुलाचं, सुनेचं, बांधाचं, बँकेचं, सोयाबीनच्या भावाचं. त्या फोडायच्या नाहीत. दहा मिनिटांपुरत्या उतरवून ठेवायच्या. काम झालं की पुन्हा घालायच्याच आहेत, आपण प्रपंची माणसं!

हे शिक्षण पुराणातच राहिलं असं नाही. आपल्या हिंगोली जिल्ह्याची मातीच यासाठी पुण्यवान आहे. नरसी हे संत नामदेव महाराजांचं जन्मगाव मानलं जातं. परंपरा सांगते, की नामदेवांशी पांडुरंग बोलत असे, जेवत असे. तरीही संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन परीक्षा केली आणि हे मडकं कच्चं ठरवलं. मग नामदेव गुरूच्या शोधात औंढ्याला आले. नागनाथाच्या देवळात विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले! नामदेवांना राग आला. विसोबा म्हणाले, बाबा, मी म्हातारा झालोय, जिथे पिंड नसेल तिथे माझे पाय ठेव. नामदेवांनी पाय उचलून जिकडे ठेवावे तिकडे पिंड दिसू लागली.

ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो आणि चमत्कार म्हणून सोडून देतो. पण नीट पाहा. नामदेवांची भक्ती कमी नव्हती. कमी होतं ते इतकंच, की देव समोर आहे तेवढा दिसत होता, सगळीकडे आहे हे दिसत नव्हतं. पोथी, पूजा, पालखी, आरती यांत देव समोर असतो. डोळे मिटून बसलं की तोच आत शोधावा लागतो. एकानं दुसरं रद्द होत नाही. नामदेव विसोबांकडून परतल्यावरही कीर्तनातच रमले.

याच नरसीला दत्तभक्तांच्या दृष्टीनं आणखी एक मोठं महत्त्व आहे. परमहंस परिव्राजकाचार्य श्री वासुदेवानंद सरस्वती, आपले टेंबे स्वामी महाराज, यांचा शके १८२७ चा, म्हणजे १९०५ चा चातुर्मास नरसीला झाला. तेव्हा हा भाग निजामाच्या राज्यात होता. हिंगोली जिल्हा झाला तो फार पुढे, १ मे १९९९ ला. कोकणातल्या माणगावचा हा महापुरुष अनवाणी, पायी, दंड-कमंडलू घेऊन देशभर फिरला आणि एका पावसाळ्यात कयाधूच्या काठी राहिला.

महाराजांचं चरित्र आपण भक्तीनं वाचतो, पण एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. ते सुखातून वैराग्याकडे गेले नाहीत. १८९१ मध्ये गंगाखेडला, म्हणजे आपल्या शेजारीच, गोदातीरी त्यांच्या पत्नीचं निधन झालं आणि त्यानंतर त्यांनी संन्यास घेतला. शरीरही काही वज्राचं नव्हतं. संग्रहणीचा विकार त्यांच्यामागे वर्षानुवर्षं होता. पोटाच्या त्या यातना घेऊन त्यांनी हजारो मैल चालणं केलं, ग्रंथ लिहिले, लोकांची दुःखं ऐकली. १९१४ ला गरुडेश्वरी नर्मदाकाठी ते समाधिस्थ झाले.

ज्यांच्या ध्यानाबद्दल आपण शंकाच घेऊ शकत नाही, त्यांचंही शरीर आजारी पडत होतं. म्हणून "ध्यान केल्यानं सगळे रोग जातात" असं कुणी सांगितलं तर त्याच्यासमोर टेंबे स्वामींचं चरित्र ठेवा. रोग शरीराला होता, महाराज त्याचे पाहणारे होते. अलर्काला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ते रोज जगत होते.

मग शरीराला काहीच लाभ नाही का? आहे, आणि चांगला आहे. काळजी लागली की आपला श्वास उथळ होतो, छातीत धडधडतं, रक्तदाब चढतो, पोट बिघडतं, झोप उडते. हे सगळं आपण भोगतोच. याच्या उलट, श्वास सावकाश झाला आणि बाहेर सोडणं लांबलं, की हृदयाची गती शांत होते, आखडलेलं अंग सैल पडतं. आपल्या महाराष्ट्रातच स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन करून योगाच्या परिणामांचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला. पुढे जगभर असे अभ्यास झाले. २००१ मध्ये इटलीतल्या बर्नार्डी नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांकडून ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि एक बौद्ध मंत्र म्हणवून घेतला. दोन्हींत श्वास मिनिटाला साधारण सहावर आला आणि हृदय व रक्तदाबाची लय श्वासाशी जुळली. एरवी आपण मिनिटाला बारा-पंधरा वेळा श्वास घेतो. धर्म वेगळे, भाषा वेगळी, पण नाम सावकाश घेतलं की शरीर तसंच निवतं. आपला अठरा अक्षरांचा दिगंबरा मंत्र एका श्वासात शांतपणे म्हणून पाहा, म्हणजे अनुभव येईल. संयुक्त राष्ट्रांनीही २०२४ पासून २१ डिसेंबर हा जागतिक ध्यान दिवस म्हणून मानला आहे.

पण एक गोष्ट हात जोडून सांगतो. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या मोठ्या संघटनेनं २०१७ मध्ये ध्यानाबद्दलचे अभ्यास तपासून मत दिलं, की हृदयविकाराचा धोका कमी करायला ध्यानाची मदत होऊ शकते, मात्र ते नेहमीच्या उपचारांच्या जोडीला करावं, त्यांच्या जागी नव्हे. आमच्या ओळखीतल्या एका भाविक गृहस्थांनी ध्यान सुरू केल्यावर बी.पी.ची गोळी स्वतःच्या मनानं बंद केली. आता बरं वाटतंय म्हणाले. तीन महिन्यांनी अर्धांगाचा झटका आला. आज ते अंथरुणावरून नाम घेतात. त्यांची श्रद्धा खोटी नव्हती, पण गोळी बंद करा असं दत्तगुरूंनी कुठे सांगितलं?

उलट सांगितलंय ते ऐका. त्याच मार्कंडेय पुराणात दत्तगुरू अलर्काला बजावतात, की पोटात भूक असताना, थकलेला असताना, मन व्याकूळ असताना योगाला बसू नये. फार थंडी, फार ऊन, फार वारा असताना बसू नये. नियम मोडून योग केला तर कानाला, वाचेला, स्मृतीला अपाय होतो, ताप येतो, असं सांगून ते त्यावर उपायही सांगतात, आणि त्या उपायांत ऊन ऊन यवागू, म्हणजे आपली पेज, सुद्धा आहे. साक्षात योगिराज शिष्याच्या पोटाची इतकी काळजी घेतो! मग आपण औषधाच्या वेळा पाळून, चार घास खाऊन, अंगावर शाल घेऊन बसलो तर त्यात कमीपणा कसला?

आता अवघड प्रश्नाकडे येतो. वसमतकडचे एक शेतकरी गेल्या सप्ताहाला आले होते. वय सत्तरीचं. तरणाताठा मुलगा अपघातात गेला होता. सगळे उठून गेल्यावर जवळ येऊन म्हणाले, "महाराज, तुम्ही म्हणता डोळे मिटून बसा. मी डोळे मिटले की पोरगंच दिसतं. मग बसू का नको?"

मी काही ज्ञानी नव्हे. मनात दत्तगुरूंना स्मरलं आणि म्हणालो, मन फारच व्याकूळ असेल त्या दिवशी डोळे मिटू नका. देवळात या, पादुकांकडे उघड्या डोळ्यांनी पाहत बसा, नाम मोठ्यानं घ्या. रात्र रात्र झोप लागत नसेल, जेवण जात नसेल तर डॉक्टरांना दाखवा, त्यात लाज नाही. आणि ज्या दिवशी जरा स्वस्थता असेल त्या दिवशी डोळे मिटा. पोरगं दिसलं तर दिसू द्या. त्याला हाकलू नका. त्यालाही म्हणा, ये बाबा, महाराजांसमोर बस. मग पुन्हा नामाकडे या.

पावसाळ्यानंतर ते पुन्हा भेटले. मी विचारलं, कसं चाललंय? म्हणाले, "रोज बसतो. पोरगं अजून दिसतंच. पण पहिले दिसलं की मी उठून शेतात पळायचो. आता बसून राहता येतं. परवा सुनेशी त्याच्याबद्दल बोललो. दीड वर्षात पहिल्यांदा."

मंडळी, यात प्रकाश दिसला नाही, नाद ऐकू आला नाही. मुलगा परत आला नाही, येणारही नाही. पण एका घरात दीड वर्षानं दोन दुःखी माणसं एकमेकांशी बोलली. ध्यानाचं फळ ओळखायचं तर असं ओळखावं. आसनावर काय दिसलं ते विचारू नये. आसनावरून उठल्यावर आपण घरच्यांशी कसे वागलो ते पाहावं. सुनेला टोचून बोलणं कमी झालं का? नातवाचा दंगा सहन होतो का? दुखणं सांगताना रडगाणं कमी झालं का? तेवढं झालं तर बसणं सार्थकी लागलं.

आता बसायचं कसं ते थोडक्यात सांगतो.

वेळ एकच ठेवावी. पहाटे किंवा दिवेलागणीला, देवापुढं दिवा लावल्यावर. सुरुवातीला दहा मिनिटं पुरेत. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसावं, पाय जमिनीला टेकलेले, पायाखाली घडी घातलेलं घोंगडं. पाठ ताठ, पण ताणलेली नको. दारात कुणी आलं तर घरच्यांनी सांगावं म्हणून आधी सांगून ठेवावं, आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा.

मग तीन-चार श्वास सावकाश घ्यावे. श्वास कोंडू नये, विशेषतः बी.पी. आणि हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी. मनासमोर दत्तगुरूंच्या पादुका आणाव्या. त्रिमूर्तीचं पूर्ण रूप डोळ्यांसमोर येत नाही अशी पुष्कळांची तक्रार असते. आपला संप्रदाय तर पादुकांचाच. गाणगापूर, वाडी, औदुंबर, सगळीकडे आपण पादुकांपुढेच माथा टेकतो. त्या दोन पादुका आणि सोडत्या श्वासाबरोबर नाम, एवढंच.

मन जाईल. शंभरदा जाईल. दावं तुटलेलं वासरू कणसात शिरतं तसं शिरेल. त्याला मारायचं नाही. मारलं तर उद्या ते गोठ्याकडे फिरकणारच नाही. हळूच वळवून आणायचं. दहा मिनिटांत पन्नासदा मन गेलं आणि पन्नासदा आणलं, तर तुमचं ध्यान बिघडलं असं समजू नका. त्या पन्नास वेळा परत आणण्यालाच अभ्यास म्हणतात. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनानंही हीच तक्रार केली होती, की मन वाऱ्यासारखं आहे, आवरत नाही. भगवंतांनी ते नाकारलं नाही. अभ्यास आणि वैराग्य हा उपाय सांगितला.

शेवटी दोन मिनिटं नामही थांबवावं आणि अलर्काचा प्रश्न स्वतःला विचारावा. आज मला दुःख कशाचं आहे? उत्तर येण्याची घाई नको. विचारून गप्प बसावं. मग हात जोडून उठावं आणि हातातलं काम करायला लागावं.

फळाला वेळ लागतो. आपण हळदीच्या मुलखातली माणसं. कंद मातीतून निघतो तेव्हा त्याला कोण सोनं म्हणेल? तो शिजवावा लागतो, कित्येक दिवस उन्हात वाळवावा लागतो, मग पॉलिश होऊन बाजारात येतो. पण रंग बाहेरून कुणी लावत नाही. तो आतच होता. आपल्या आतही दत्तगुरूंनी तो ठेवला आहेच. आपल्याला फक्त ऊन द्यायचं आहे, रोज दहा मिनिटं.

तेव्हा यंदाच्या जन्मोत्सवाला एवढा एकच संकल्प करा. पारायणाची समाप्ती झाली तरी पोथीसमोरचं आसन उचलू नका. आठव्या दिवशी त्याच जागी, त्याच वेळी या, पोथीला नमस्कार करा आणि डोळे मिटा. शक्य असेल तर घरातलं आणखी एखादं माणूस शेजारी बसू द्या. म्हातारा-म्हातारी दोघंच असाल तर दोघं बसा. एकटे असाल तर एकटे नाही आहात, ज्यांच्या पादुका समोर आहेत ते आहेतच.

हे सद्गुरुराया, आम्ही प्रपंची माणसं. आमचे वेढे आपोआप उठणार नाहीत हे आम्हाला ठाऊक आहे. त्या वेढ्यात बसून तुमचा प्रश्न ऐकण्याएवढी शांतता आम्हाला द्या. आमच्या शरीराची काळजी आम्ही घेऊ, औषध वेळेवर घेऊ, घरच्यांना जपू. तुम्ही आमच्या मनाला तुमच्या पायांशी जागा द्या, एवढीच तुमच्या चरणी प्रार्थना.

अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त!